शिंपल्यांची सोयरीक

वहिनींना समुद्र आवडत नसे. उभा जन्म शिंपल्यांत घालवलेल्या बाईबद्दल हे सांगितलं की लोकांना खोटं वाटतं. पण त्या पाण्यात घोट्याच्या वर कधी गेल्या नाहीत. होडीत बसल्या की त्यांना मळमळे. सूर्यास्त पाहायला आम्ही किनाऱ्यावर थांबलो, तर त्या समुद्राकडे पाठ करून चपलेचा चिखल काटकीने खरवडत बसत. "समुद्र नुसता मोठा आहे, भाऊजी," त्या म्हणत. "कामाचं जे काही आहे ते चिखलात आहे."

त्या माझ्या थोरल्या भावाची बायको. मी ज्या कॉलेजात ग्रंथपाल आहे, तिथेच त्यांनी नोकरीची सगळी वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. नाशिकमध्ये राहून समुद्रातल्या शिंपल्यांवर काम करणारी बाई ही आमच्या कॉलनीला गंमतच होती. तिथे त्यांचं नाव शिंपलेवाल्या वहिनी असंच पडलं होतं. पोस्टमनसुद्धा तेच म्हणायचा.

त्यांचा जीव होता तो एका पातळ, चपट्या शिंपल्यावर. कोकणातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना पूर्वी काचेऐवजी जी शिंपली लावत, तोच हा. उजेडासमोर धरला की बोटांची सावली पलीकडे दिसते. पूर्वी खाड्यांच्या चिखलात याचे थर असत. आता शोधावे लागतात, आणि हात लावायलाही वनखात्याची परवानगी लागते. वहिनींचं म्हणणं असं, की शिंपला उरला म्हणजे झालं असं नाही. त्याची घराणी उरली पाहिजेत. प्रत्येक खाडीतला शिंपला दिसायला सारखा असला तरी आतून थोडा वेगळा असतो. एकाला गोडं पाणी सोसतं, एकाला ऊन. पुढे कोणाची गरज लागेल हे आज कोणी सांगू शकत नाही.

हे त्या कुठल्या पुस्तकात शिकल्या नव्हत्या. निफाडकडच्या द्राक्षबागेत त्यांचं लहानपण गेलं. बागेतल्या झाडून सगळ्या वेली म्हणजे एकाच वेलीच्या काड्या. त्यामुळे घड एकसारखे, गोडी एकसारखी. एका वर्षी फुलोऱ्यात ढग आले, डाऊनी नावाची बुरशी पडली, आणि सगळी बाग एकसारखीच गेली. विहिरीच्या कडेला मात्र कोणी न लावलेला, बीपासून उगवलेला एक वेल होता. त्याची द्राक्षं आंबट, मणी बारीक. तो हिरवागार राहिला. त्यांचे वडील, अप्पा, त्या वेलाकडे रागाने बघत होते, एवढंच त्यांना आठवायचं. पुढे "एकाच वेलीच्या काड्या" हे त्यांचं बोलणंच झालं. कॉलनीतली सगळी मुलं एकाच क्लासला जाऊ लागली तेव्हा त्या गच्चीवरून बघत तेवढंच म्हणाल्या.

शिंपल्यांची घराणी त्यांनी जपली ती नाशिकमध्येच. हंगामात त्या खाडीवर जात. तिथल्या संवर्धन केंद्रात पाणी किंचित कोमट केलं की नर शिंपले दुधासारखं वीर्य सोडत. ते बारीक कांड्यांमध्ये भरून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचं. किनाऱ्यावर नायट्रोजनचा पुरवठा धड नव्हता. नाशिकला मात्र गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी त्याची गाडी ठरलेल्या दिवशी फिरते. म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेत, दुधाच्या कॅनसारख्या एका टाकीत, समुद्राचे नर ठेवलेले असत. खाडीवरून येताना प्रवासाची एक लहान टाकी भाड्याच्या गाडीत पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवलेली असे आणि माझा भाऊ मागे. "मला कधी एवढ्या काळजीनं पट्टा लावला नाहीस," तो म्हणायचा. वहिनी म्हणत, "तुम्ही सांडत नाही."

टाकीतला नायट्रोजन आपोआप उडत राहतो. संपला, तर कांड्या वितळतात आणि सगळं संपतं. म्हणून दर सोमवारी वहिनी एक लाकडी पट्टी टाकीत बुडवत, बाहेर काढून हवेत हलवत, आणि पट्टीवर पांढरं हिव कुठवर चढतं ते पाहत. तेवढी खोली नायट्रोजन शिल्लक. निवृत्त झाल्यावरही त्यांनी सोमवार सोडला नाही. त्यांच्या जागी आलेल्या तरुण बाईंनी खुशाल चावी देऊन टाकली होती.

नायट्रोजनची गाडी कळवणकडचे रघुभाऊ चालवतात. त्यांना ही टाकी हा विनोद वाटायचा. नळी लावता लावता ते दर वेळी आपल्या अहिराणीत विचारत, "मॅडम, आमनी कांडीनं वासरू तरी दिसस. तुमनी कांडीनं काय दिसस?"

वहिनी म्हणत, "तुमची गाय नऊ महिन्यांत सांगते. आमच्याकडे वेळ लागतो, रघुभाऊ."

"लागू द्या," ते म्हणत, आणि थोडं जास्तच ओतून जात.

एकदा मीही खाडीवर गेलो होतो, बादली उचलायला. दोन खाड्या होत्या. मोठी खाडी आणि तिच्या दक्षिणेला धाकटी, ही नावं वहिनींनीच दिलेली. मोठीतले शिंपले तळहाताएवढे, गोल, देखणे. धाकटीतले बुटके आणि कडेला वाकडे. तिथे पावसाळ्यात डोंगराचं गोडं पाणी शिरतं, आणि तरी ते तग धरतात. चिखलातून शिंपले काढून देणाऱ्या बायका सवयीने मोठे मोठे निवडून वाकडे फेकत होत्या. वहिनी फेकलेले उचलून बादलीत टाकत होत्या. केंद्रातले साहेब, हुशार आणि मनाने चांगले, म्हणाले की यातला सर्वांत जोमदार नर निवडला तर एकाच्याच कांड्या भरपूर होतील, काम सोपं होईल. तेव्हा वहिनी जे बोलल्या ते मला आजही त्यांच्या आवाजात ऐकू येतं. "देखणा बाप शोधू नका, साहेब. बाप पुष्कळ शोधा."

त्यांचा दुसरा हट्ट सोयरिकीचा. या खाडीचं त्या खाडीत न्यायचं नाही. धाकटीतले शिंपले कमी होऊ लागले तसं साहेबांनी सुचवलं होतं की मोठीतले देखणे शिंपले आणून तिथे सोडू, खाडी भरून जाईल. वहिनी चिडल्या. खाडी भरेल, पण धाकटीचं घराणं त्या गर्दीत बुडून जाईल, हे त्यांचं म्हणणं.

यावर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये त्यांची चांगलीच थट्टा होई. कारण त्यांचं स्वतःचं लग्न. आम्ही बौद्ध, त्या निफाडच्या शेतकरी घरातल्या. लग्नाचं कळल्यावर अप्पा म्हणाले होते, सोयरीक आपल्या आपल्यात. लग्नाला ते आले नाहीत. पुढे काही वर्षांनी बोलू लागले, पण ती निराळी गोष्ट. तर गणिताचे एक सर चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "मॅडम, स्वतः पंचक्रोशीबाहेर लग्न केलंत, आणि शिंपल्यांची सोयरीक मात्र खाडीतल्या खाडीत?"

सगळे हसले. वहिनीही हसल्या. मग म्हणाल्या, "सर, माणसं सगळी एकाच खाडीतली आहेत. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

वहिनींना स्वतःचीच एक गोष्ट सारखी खुपत असे. टाकीत फक्त नर होते. मादीची अंडी गोठवून पुन्हा जिवंत करणं त्यांना कधी नीट जमलं नाही. "आपल्याकडे नुसते बाप आहेत," त्या म्हणत. "आया खाडीतच राहिल्या पाहिजेत." टाकी म्हणजे खाडी नव्हे, हे त्या प्रत्येक भाषणात सांगत, आणि लोक टाकीचाच फोटो काढून जात.

मग धाकट्या खाडीच्या तोंडाशी धक्क्याचं काम निघालं. उपसलेला गाळ आत टाकला गेला. वहिनींनी अर्ज केले, माणसांना भेटल्या. ऐकणाऱ्यांनी चहा पाजला. ओहोटीला आम्ही गेलो तेव्हा शिंपल्यांच्या थरावर राखाडी गाळ बसला होता. वहिनी वाकून हाताने चाचपत राहिल्या. जो निघे तो उघडा आणि रिकामा. भरती पायाशी आली तेव्हा माझ्या भावाने त्यांना दंडाला धरून वर आणलं. परतताना त्या एवढंच म्हणाल्या, "आता टाकीत आहेत ते विधुर."

त्याच वर्षी त्यांना आजार निघाला. पोटाचा होता आणि उशिरा कळला. केंद्रातल्या साहेबांनी फोन केला, फार अदबीने. मोठ्या खाडीतल्या माद्या घेऊ आणि धाकटीचे नर टाकीतून काढू. निदान अर्धं घराणं तरी पाण्यात जाईल. वहिनींनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मला त्यांची अडचण समजत होती. मिसळलं, तर जन्मभर जे नको म्हटलं तेच आपल्या हातून होणार. न मिसळावं, तर धाकट्या खाडीचे नर कायमचे बर्फात, कोणाच्याही उपयोगाचे नाहीत. आठवडेच्या आठवडे गेले. सोमवारी पट्टी बुडवायला मला पाठवू लागल्या. मी परत आलो की बोटांनी खूण करून विचारत, कुठवर?

एक दिवस दुपारी माझा भाऊ त्यांना भाताची पेज भरवत होता. भरवता भरवता सहज म्हणाला, "तुझे अप्पा हेच म्हणाले होते बघ. आपल्या आपल्यात."

वहिनी इतक्या हसल्या की पेज सांडली. मग उशीला टेकल्या. "तुम्ही दोघे भाऊ विज्ञानात ढ आहात," त्या म्हणाल्या. "ते वेगळं, हे वेगळं. अप्पांना भीती होती ती घराच्या नावाची. मला भीती आहे ती खरी आहे. पण भीतीपायी बापांना बर्फातच ठेवायचं, हेही बरं नाही." थोड्या वेळाने त्यांनी फोन मागितला.

साहेबांशी त्या सावकाश बोलल्या. एकेका वाक्याला थांबत होत्या. धाकटीच्या प्रत्येक नराची कांडी घ्या, चपळ दिसणाऱ्याचीच नको. पिलं मोठ्या खाडीत सोडायची नाहीत. धाकटीच्या वरच्या फाट्यात अजून जुना चिखल आहे, तिथे सोडा. पावसाळ्यात गोडं पाणी येईल, ते कोणाला सोसतं ते खाडीच ठरवील. शेवटची गोष्ट सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणून ती मी माझ्यासाठीही धरतो. "आणि सगळ्या कांड्या वापरू नका. प्रत्येकाच्या निम्म्या टाकीत राहू द्या. आपण चुकत असू."

छाटणीनंतर निफाडच्या बागांना पालवी फुटते त्या दिवसांत वहिनी गेल्या. घरी बुद्धवंदना झाली. तिला अप्पांच्या घरची माणसं आली होती. साहेब कोकणातून आले, मागच्या रांगेत बसले आणि न जेवता परत गेले. माझ्या भावाने वहिनींच्या चपलांचा चिखल अजून धुतलेला नाही. मीही त्याला सुचवलेलं नाही.

सोमवार आता माझ्याकडे आहे. मी पुस्तकांतला माणूस. टाकीचं झाकण काढलं की वाफ वर येते, आणि मला दर वेळी वाटतं काहीतरी निसटलं. पण पट्टी हवेत हलवली की पांढरी रेघ उमटते आणि मन ठिकाणावर येतं. आत प्रत्येक नराच्या निम्म्या कांड्या आहेत. बाकीच्या निम्म्या कोकणात गेल्या. त्यांतली पुष्कळ पिलं पोहत असतानाच मेली. काही तळाला बसली. ती वरच्या फाट्यात सोडली आहेत. पावसाळा अजून यायचा आहे. वहिनी चुकल्या की नाही, ते त्यानंतर कळेल.

मागच्या खेपेला रघुभाऊ नळी लावत होते. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. वहिनी गेल्यापासून ते विचारतच नाहीत. मीच साहेबांनी पाठवलेला फोटो मोबाइलवर काढून त्यांच्यासमोर धरला. काळ्या चिखलावर तिळापेक्षाही लहान, पारदर्शक ठिपके. त्यांनी हात पँटीला पुसले, फोन हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं. एक ठिपका पडदाभर झाला. कडेला किंचित वाकडा होता.

रघुभाऊंनी पडदा आणखी जवळ धरला. मग फोन मला परत देत म्हणाले, "वासरूच शे, सर."

आणि नळी आणखी थोडा वेळ तशीच चालू ठेवली.