यात आधी काय होतं?

शोभाताई, माझी मोठी जाऊ, भाच्याच्या साखरपुड्याला माहेरी उंद्रीला गेली होती. तिथून फोन आला तेव्हा मी सोनाळ्याच्या आमच्या ओट्यावर तिनं जमवलेली झाकणं उन्हात वाळत घालत होते. छातीत दुखलं म्हणे, आणि अर्ध्या तासात सगळं संपलं... खरं सांगायचं तर मला आधी रडू नाही आलं, भीती वाटली. सुट्टी लागली होती. आता तिचा वर्ग माझ्या गळ्यात पडणार होता.

वर्ग म्हणजे काय, तर सुट्टीत रोज सकाळी ओट्यावर जमणारी गल्लीतली पोरं. घरून एक टाकाऊ वस्तू आणायची, एवढीच अट. शाम्पूची बाटली कापून मोबाइल चार्जिंगला लावायचा कप्पा, फाटक्या मोज्याचा पाटी पुसायचा बोळा, कंगवा साफ करायला जुना टूथब्रश. सुई जाड कापडातून सहज जात नसेल तर आधी साबणाच्या वडीत टोचायची. "फेकून कोनी बी देते बे, डोकं लावा!" असं ती पोरांना दटावायची. सासूबाई तिला भंगारवाली म्हणायच्या आणि ती ते खुशाल मिरवायची.

सात वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी पोरं झारी करत होती. शेजारच्या परीकडं बाटली नव्हती, म्हणून ती तोंड पाडून बसली होती. मला राहवलं नाही. मी आतून एक जाड, पांढरी बाटली आणून दिली. कपाशीवर फवारायच्या औषधाची होती, पण मी ती साबणानं तीनदा धुतली होती, वरचा कागदही खरवडून काढला होता. झाकणाच्या आतली चकती तेवढी काढायची राहिली, तिच्याखाली औषध साचलेलं होतं. परीनं झाकणाला भोकं पाडली, पाणी येईना म्हणून ते तोंडाला लावून ओढलं... थोड्या वेळात पोरगी घामानं चिंब झाली, तोंडातून लाळ गळू लागली.

शोभाताई तिला कडेवर घेऊन जीपकडं पळाली. मागच्या सीटवर मी, सातवा महिना लागलेली, आणि माझ्या हातात ती बाटली. दवाखान्याच्या दारात ताईनं ती माझ्याकडून काढून घेतली. "तू काही बोलू नको. तुह्या पोटात लेकरू हाय. माह्या वर्गात झालं, माह्यावर येऊ दे."

परी वाचली. पण तिच्या आईनं भर रस्त्यात ताईला नाही नाही ते ऐकवलं, आणि मी दाराआड उभी राहून ऐकलं. वर्ग दोन वर्षं बंद होता. पुन्हा सुरू झाला तेव्हा ताई प्रत्येक वस्तू नाकाशी धरायची, झाकणातली चकती नखानं उचकटायची आणि विचारायची, "यात आधी काय होतं?" शंका आली की ती वस्तू कोपऱ्यातल्या टोपलीत जायची.

ताईच्या तेरवीला परीची आई आली होती. चहा घेताना म्हणाली, "चुकली होती ते बाई. पन आता मी मनातून काढून टाकलं." मी नुसतं "हो" म्हणाले. ज्या पेपरच्या पुरवणीसाठी मी हे लिहितेय, ती त्यांच्या घरी येते. परीच्या आई, ती बाटली मी दिली होती.

परवा पोरं आपणहून ओट्यावर येऊन बसली. त्यांत माझी मनू, तेव्हा पोटात होती ती. ताईला ती मोठीआई म्हणायची. तिला मी स्वयंपाकघरातली एक रिकामी बाटली दिली. तिनं ती नाकाशी धरली, चकती नखानं उचकटली आणि माझ्याकडं पाहिलं.

"आई, यात आधी काय होतं?"

"गोडं तेल होतं," मी म्हणाले. खरंच तेलच होतं. पण सांगताना मी मनूकडं पाहिलं नाही.

मनूनं बाटली उचलून टोपलीत टाकली. "मोठीआई म्हने, सांगनारा घाबरला असन तं ती वस्तू घ्याची नाही."

बाटली अजून तिथंच आहे.