जंगी मशक

गोदावरीचा पूल ओलांडताना खाली वाळवंटात तंबूच तंबू दिसले. मी डब्यातल्या शेजाऱ्याला विचारलं, "जत्रा आहे का?"

"फौज हाय. आपली निजामाची अन् गोऱ्यायची. जर्मनाशी लढाई चालू हाय न्हवं?"

पुण्यात ही लढाई फक्त वर्तमानपत्रात होती. इथं ती आक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, शिवाराला लागून उतरली होती.

गंगाखेड स्टेशनवर दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, बैलगाडी घेऊन आले होते. वाटेत नदीकाठी त्यांची ज्वारी दिसली, कणसं भरून वाळलेली आणि अजून उभीच.

"काढणी राहिली वाटतं?"

"सवड कुठाय पावनं? दवंडी झाली, नदीकिनारे दोनों फौजों की जंगी मश्क होगी! नदी तर आटलीया, तहानंनं मरायलेत बिचारे. मोटंची कातडी शिवायलाव आमी, लय मोठी मशक करायलाव."

मीही मान डोलावली. जंगी म्हणजे भली मोठी आणि मशक म्हणजे पाण्याची कातडी पिशवी, यात न कळण्यासारखं काय होतं! आक्का मात्र अंबाडीची भाजी वाढताना कुरकुरली, "पानी पाजा, पर ज्वारी कवा काढताव? सालभराची भाकर हाय ती."

सकाळी मशक गाडीत चढवली. तिचं तोंड धरायचं काम माझ्याकडे आलं आणि शेत येईपर्यंत मी कमरेपर्यंत भिजलो. बांधावर पोचतो तो समोरून घोडे आणि लॉऱ्या थेट ज्वारीवरच येत होत्या. दाजी हात जोडून आडवे उभे राहिले.

पुढचा हैदराबादी सुभेदार ओरडला, "हटो! यहाँ जंगी मश्क है!"

"व्हय साहेब," दाजी गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही काय, आणलीया!"

सुभेदार मशकीकडे बघतच राहिला, मग घोड्यावरच पोट धरून हसला. "अरे बाबा, मश्क म्हणजे सराव! लुटुपुटूची लढाई!" त्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत गोऱ्या साहेबाला सगळं सांगितलं. साहेबानं टोपी काढली आणि मशकीखाली ओंजळ धरली. मग दोन्ही फौजा आळीपाळीनं पाणी प्यायल्या. माझा जीव मात्र त्या ज्वारीत अडकला होता.

शेवटी सुभेदारानं मिशा पुसल्या आणि घोडा वळवला. "जिसका पानी पिया, उसका खेत नहीं रौंदते."

फौज पडीक रानातून गेली. त्याच दुपारी सगळं गाव विळे घेऊन ज्वारीत उतरलं. मीही उतरलो आणि बोट कापून घेतलं.

परतताना पुलावरून पाहिलं, तंबू उठले होते. आमच्या रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या होत्या. ते जवान आता खऱ्या लढाईला जाणार, या विचारानं मन भरून आलं. पण निघताना मशकीचं काय करणार म्हणून विचारलं, तेव्हा दाजी म्हणाले होते, "ऱ्हाऊ द्या शिवलेली. लढाई सरली की माघारी येतील बिचारे. तहान तर लागंलच."