इंजिनाच्या दाराला कडी

विश्वेश्वर मेनकुदळे हा परळीच्या ड्रायव्हरांमधला सगळ्यात कोरडा माणूस. दारूच्या बाबतीत नव्हे, पाण्याच्या. ड्यूटीच्या दिवशी सकाळी अर्धा कप चहा आणि इंजिनावर चढताना चूळ भरण्यापुरतं पाणी, तेही थुंकून टाकायचं. बायको शिवगंगा डबा भरताना भाजीतला रस्सा काढून घ्यायची. लोक हसत, पण हा छाती काढून सांगे, "आठ घंटे काय, चौदा घंटे बसतो मी. बूड हलवीत न्हाई." असल्या गोष्टीचा अभिमान धरणारा माणूस मूर्ख असतो, हे त्याला कोणी सांगितलं नाही. कारण सांगायला जावं तर निम्म्या ड्रायव्हरांना तोच अभिमान होता.

जन्म सिरसाळ्याचा. बापाचं किराणा दुकान, गादीवर जागा तिघांना आणि भाऊ चार. चौथ्यानं, म्हणजे यानं, रेल्वेत जाऊन वाफेच्या इंजिनात कोळसा टाकायला सुरुवात केली. ते काम गाढवाचं होतं, पण त्यात एक सोय होती. वाफेचं इंजिन म्हणजे सतत तहानलेलं जनावर. दर काही स्टेशनांनी त्याला पाणी पाजावं लागे, आणि ते पीत असायचं तोवर माणसं बाभळीआड जाऊन मोकळी होत. मग डिझेल आलं. ते पाण्यासाठी थांबत नाही. इंजिन थांबत नाही तर माणसानं तरी कशाला थांबावं, असं वरच्या कुठल्यातरी शहाण्यानं ठरवलं. शंभरावर टन लोखंड, त्यात भोंगा आहे, काच पुसायचा वायपर आहे, चाकं घसरू नयेत म्हणून वाळूची पेटीसुद्धा आहे. मोरी मात्र नाही. चाकांची काळजी घेणाऱ्याला माणसाच्या पोटाची आठवण झाली नाही.

गाडी मधेच उभी करायची तर कारण लिहून द्यावं लागे. बद्रीनाथ नावाच्या एका ड्रायव्हरनं भोळेपणानं खरं लिहिलं होतं, 'पोट बिघडल्यामुळे चार मिनिटे.' साहेबानं तो कागद सुरक्षेच्या सभेत सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचला, आणि सभा पोट धरून हसली. तेव्हापासून बद्रीनाथचं नावच 'चार मिनटं' पडलं. तो रिटायर झाला त्या दिवशी हार घालतानासुद्धा मागून कोणीतरी ओरडलंच. विश्वेश्वर त्या सभेत पहिल्या रांगेत होता आणि सगळ्यांत जास्त तोच हसला होता. हसता हसता त्यानं मनाशी ठरवून टाकलं, की जीव गेला तरी आपल्या नावावर असला कागद होऊ द्यायचा नाही.

जीव गेला, पण त्याचा नाही.

चौऱ्याण्णवचा मे महिना. परळीच्या थर्मलला, म्हणजे वीज केंद्राला, कोळसा कमी पडत होता, म्हणून रिकामे डबे परत पळवा असा हुकूम सुटलेला. विश्वेश्वरबरोबर असिस्टंट म्हणून मुस्तकीम होता. एकतीस वर्षांचा, परळीच्याच एका मेकॅनिकचा मुलगा, घरी बायको अकबरी आणि दोन लेकी. कामाला चोख आणि स्वभावानं गरीब. परळी सोडली तेव्हाच त्याचा चेहरा उतरलेला होता.

"उस्ताद, पोट लई बिघडलंय. घाटनांदूरला दोन मिनटं घ्या."

"सिग्नल लाल मिळाला तर घिऊ."

घाटनांदूरला हिरवा मिळाला. रिकाम्या गाडीला त्या दिवशी सगळीकडे हिरवाच होता. स्टेशन मागं पडलं तसा मुस्तकीम दोन्ही हातांनी पोट धरून वाकला. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता, आणि तो नुसत्या उन्हाचा नव्हता.

"उस्ताद, न्हाई धरवत आता. एक मिनट उभी करा."

"अन लिहू काय बे? बद्रीनाथवानी लिहू? लेकरू हायस का?" विश्वेश्वर समोरून नजर न काढता म्हणाला. मग हनुवटीनं बाजूला खूण केली. "दार हाय की. समदे तितंच उरकतेत."

खोटं नव्हतं ते. सगळे तिथंच उरकत. दार उघडायचं, दोन्ही बाजूंचे दांडे धरायचे आणि देवाचं नाव घ्यायचं. लघवीपुरतं ते निभून जाई. मुस्तकीमला तर बसायचं होतं. तो पायरीवर उतरला, तोंड आत आणि पाठ बाहेर करून बसला. विश्वेश्वरनं अदब म्हणून मान दुसरीकडे वळवली. माणसाची अदब तरी कुठं जागी होते बघा! वळण आलं, इंजिन हेलकावलं. यानं परत बघितलं तेव्हा दारात नुसतं ऊन होतं.

ब्रेक लागून गाडी थांबायला वेळ लागला. विश्वेश्वर खडीवरून धापा टाकत मागं पळाला. शेवटच्या डब्यातला गार्ड अजून लांब होता, उन्हात ठिपक्याएवढा दिसत होता. मुस्तकीम रुळांच्या बाजूला पडलेला होता, डोक्याकडं बघवत नव्हतं. विश्वेश्वर गुडघ्यांवर बसला. त्याला रडू आलं, खरंच आलं, पण रडता रडता त्याचे हात दुसरंच काम करत होते. त्यानं मेलेल्या माणसाची पँट वर ओढली, बटणं लावली आणि पट्टा आवळला. मग उभा राहून गार्डाच्या नावानं हाका मारायला लागला.

"मागचे डबे बघाया वाकला वळणावर," गार्डाला तो म्हणाला. "पाय सटकला."

चौकशीत तीन साहेबांपुढंही त्यानं तेच सांगितलं. वळणावर मागं वाकून डबे बघणं हे असिस्टंटचं कामच. तेव्हा मुस्तकीम काम करताना मेला असं ठरलं. ऑफिसातला क्लार्क म्हणाला, हे बरं झालं, नियम मोडून मेला असता तर बायकोला काही मिळालं नसतं. अकबरीला रनिंग रूमवर, म्हणजे ड्रायव्हर लोक मुक्कामाला उतरतात तिथं, झाडझूड आणि पाणी भरायची नोकरी लागली. विश्वेश्वरला हे फार सोयीचं पडलं. आपण त्या बाईसाठी खोटं बोललो, असं तो स्वतःला सांगू लागला. पण पट्टा आवळताना त्याच्या मनात अकबरी नव्हती. तिथं फक्त तो स्वतः होता.

चौकशीचा निकाल लागला तसा सुरक्षेचा नवा नियम आला. असिस्टंट वाकून पडतात काय? मग चालत्या इंजिनाची दोन्ही दारं बंद पाहिजेत. महिनाभरात प्रत्येक दाराला भक्कम कडी बसली, आणि कडी लावल्याची सही ड्रायव्हरनं करायची असंही ठरलं. देशानं म्हणे जगाला दारं उघडली होती, पेपरात रोज तेच. इथं होतं ते दारही गेलं. दारातून येणारा वारा गेला, इंजिनाची खोली भट्टीसारखी तापू लागली, आणि आडोशाला जी एक धोक्याची जागा होती तीही गेली. लोक बाटल्या नेऊ लागले. कोणाला मूतखडा झाला, कोणी जागच्या जागी कपडे खराब केले आणि घरी बायकोशी बोलेनासा झाला.

आणि शिव्या कोणाला? मुस्तकीमला. "त्या येड्यानं वाकून जीव दिला अन आमच्या बोकांडी कडी बसली," असं रनिंग रूममध्ये जेवताना माणसं म्हणायची. अकबरी तिथंच फरशी पुसत असायची. ती मान वर करत नसे. विश्वेश्वरही ताटातून मान वर करत नसे.

दोन वर्षांनी बातमी आली, की इंजिनातल्या माणसांच्या तब्येतीची चौकशी करायला एक समिती येणार आहे. युनियनचा शहादेव विश्वेश्वरच्या घरी आला. हा पंधरा वर्षं इंजिनात संडास मागत होता. लोक त्यालाही हसत.

"आप्पा," तो बाजेवर बसत म्हणाला, "गरमी, आवाज, पाठदुखी, समदं लिहून ठिवलंय मी. साहेब लोक मान डोलावतेत अन इसरतेत. मला एक मरण पायजे, कागदावर. मुस्तकीम कसा मेला ते मला म्हाईत हाय. समद्यालाच अंदाज हाय. पण इंजिनात दुसरं कोण हुतं? तुमी एकलेच. तुमी बोललात तर त्यायला लिव्हावंच लागंल."

"माझी नोकरी?"

"तुमाला चारशीट मिळंल. फाशी न्हाई मिळत."

शिवगंगा आतून ऐकत होती. शहादेव गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "बोला. दोन सालं झाली, झोपंत वरडता तुमी."

विश्वेश्वर दुसऱ्या दिवशी दुपारी अकबरीच्या घरी गेला. थोरली मुबश्शिरा उंबऱ्यात बसून पाढे लिहीत होती, तिला आईनं शेजारी पाठवलं. विश्वेश्वर उभ्यानंच बोलला. मुस्तकीमनं दोनदा विनवलं होतं, आपण थांबलो नाही, दार आपणच दाखवलं, आणि पट्टाही आपणच बांधला. सांगून झाल्यावर त्याला जरा हलकं वाटलं. असल्या माणसांना लगेच हलकं वाटतं.

"मला म्हाईत हाय," अकबरी म्हणाली. "दवाखान्यातनं कपडे गाठोड्यात आले. म्याच धुतले. वाकून पडलेल्याचे कपडे तसे नसतेत."

"मंग तू बोलली कावून न्हाईस?"

"अन खायाचं काय?" ती चुलीकडं वळली. "आता तुमी खरं बोलणार. समद्यायचं भलं हुईल, मला कळतंय. अन तो नियम मोडून मेला म्हून माझी नोकरी काढतील. काढणार न्हाईत, असं लिहून देता का तुमी?"

ते लिहून देणं त्याच्या हातात नव्हतं. येताना वाटेत त्यानं शहादेवलाही तेच विचारलं होतं, तेव्हा शहादेवनं मान खाली घातली होती.

"तुमी माझा मरद खाल्लात," अकबरी म्हणाली. "माझ्या लेकरायची भाकर खाऊ नका. गप ऱ्हावा."

समिती रनिंग रूममध्येच बसली. तीन साहेब, वर पंखा, पुढं फाईल. अकबरी चहाचे कप मांडत होती. शहादेवनं मुद्दे मांडले, आवाज, उष्णता, चौदा-चौदा घंट्यांची ड्यूटी. साहेबांनी मान डोलावली. मग मधल्या साहेबानं चष्मा काढून विचारलं, "संडास नसल्यामुळं एखादा अपघात, एखादा मृत्यू झाल्याची नोंद आहे का तुमच्याकडे?"

शहादेव विश्वेश्वरकडं वळला. सगळी खोलीच वळली. अकबरीच्या हातातला कप टेबलावर टेकायचा थांबला.

विश्वेश्वर उभा राहिला. मुस्तकीमचं नाव त्याच्या ओठांवर होतं. परळीपासून विकाराबादपर्यंत बंद दारामागं पोट दाबून बसलेला प्रत्येक माणूस त्या एका शब्दाची वाट बघत होता. त्यांचं मागणं न्याय्य होतं आणि या बाईचं मागणंही न्याय्य होतं. ही दोन मागणी एकमेकांच्या आड आणून उभी कोणी केली होती? ज्यानं केलं तोच बोलायला उभा होता.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "असं काय झालेलं न्हाई. आमाला सवय हाय."

साहेबानं तसं लिहून घेतलं. पुढं अहवालात छोटा पंखा आणि सीटला फोम अशी शिफारस आली, आणि संडासाच्या मागणीला आधार नाही असा शेरा. कडी तशीच राहिली. बाहेर पडताना शहादेव विश्वेश्वरच्या पायाशी थुंकला आणि परत त्याच्याशी कधी बोलला नाही.

खोली रिकामी झाली. दुपारच्या गाडीवर विश्वेश्वरची ड्यूटी होती, तरी तो भिंतीला टेकून रेंगाळला. अकबरी कप गोळा करत होती. तिच्यासाठी आपण सगळ्यांची थुंकी झेलली होती, तेव्हा ती एखादा बरा शब्द बोलेल, माफ केलं म्हणेल, निदान बस म्हणेल, अशी त्याला आशा होती. तिनं सगळे कप उचलले, टेबल पुसलं, मग त्याच्याकडं बघितलं.

"जावा आता, गाडीची येळ झाली," ती म्हणाली. "माझा मानूस थांबा म्हणला तवा थांबला न्हाईत. आता कावून थांबलात?"