गर्दी वाढवणारा पेंटर

समोरचा माणूस तावातावाने बोलायला लागला की पेंटर त्याच्या तोंडापुढे दोन बोटं धरून ती हळूच फाकवायचा, मोबाइलवर फोटो मोठा करतात तशी. "मोठं करून पाह्य ना शेट," म्हणायचा. "लहान दिसते तवरच सगळं खरं वाटते."

या दोन बोटांचा मला भारी राग यायचा. अशी माणसं तुमच्याही शेजारी असतील. आपण रंगात आलेलो असतो आणि हे आपले शांतपणे हवा काढून घेतात.

तरुणपणी तो ढाणकीत दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पुढे फ्लेक्सचं मशीन आलं, ब्रश सुटला, पेंटर हे नाव मात्र राहिलं. त्याचं दुकान माझ्या दुकानाच्या अगदी समोर. मी शेतीचं सामान विकतो. सायकलच्या कॅरिअरवर विकायचे दोर बांधून गावोगाव फिरत इथवर आलो, त्यामुळे भाव कसा पाडायचा हे मला कोणी शिकवू नये.

पुढाऱ्यांचे वाढदिवस पेंटरच्या मशीनमधून निघत. तो त्यांचं पोट आत घ्यायचा, केस काळे करायचा आणि मग विचारायचा, "गर्दी किती टाकू?" चहात साखर किती, असं विचारावं तसं. मी हसलो की म्हणायचा, "फ्लेक्स मोटरसायकलवरून पाह्याचा असते शेट, उतरून नाही."

सीमेवर लढाई पेटली तेव्हा लोकांचे मोबाइल हातातून सुटेनात. शत्रूचं अख्खं बंदर जळतंय, असा एक फोटो मला आला. तो वर, खाली हात जोडलेला मी आणि मधे 'विजयी जवानांचे अभिनंदन', असा फ्लेक्स मला चौकात लावायचा होता. अर्धा तास घासाघीस करून मी भाव ठरवला. पेंटरने फोटो उघडला, मोठा केला आणि मान हलवली.

"हे खेळातलं हाये शेट. एवढी आग लागली, अन् पान्यात तिचा उजेडच नाही."

"तुले काय करायचं? तू छाप."

"वाढदिवस वेगळा, लढाई वेगळी. तिकडं पोरं खरी मरून राह्यली."

"मोठा आला सत्यवादी! मंग तुही ती गर्दी कुठली असते बे?"

यावर तो मान खाली घालून मशीन पुसायला लागला. पण छापलं नाहीच. मी उमरखेडहून फ्लेक्स करून आणला आणि लावला. दोन दिवसांत शाळेतल्या पोरांनीसुद्धा ओळखलं की ते चित्र मोबाइलवरच्या खेळातलं आहे. लोक हसले. हसण्याचा दोष मी पेंटरवर टाकला, कारण त्याला आधीच माहीत होतं.

त्याच आठवड्यात तो व्हिडिओ आला. हात वर केलेली गर्दी, तिच्यावर शत्रूच्या देशाचा झेंडा आणि मागे कोणाचा तरी तापलेला आवाज: "ओळखा तुमच्या गावातले गद्दार." पुढच्याच रांगेत आमचे गादीवाले चाचा. त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता.

चाचा बाजाराच्या दिवशी माझ्या भिंतीला लागून बसतात आणि कापूस पिंजून गाद्या भरून देतात. खोटं कशाला बोलू, ती जागा मला फार दिवसांपासून हवी होती. व्हिडिओ पाहिला त्याच मिनिटाला मी तो व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला.

दुपारपर्यंत माझ्या दुकानात वीस-पंचवीस माणसं जमली. चाचांना यापुढे बाजारात बसू द्यायचं नाही, असं ठरत आलं होतं. एकदोघं तर त्यांचं पिंजायचं मशीन फोडायलाच निघाले होते. चाचा दारात उभे होते.

"शेट, मी त कोनत्याच मिरवणुकीत जात नाही. तुमी त पाह्यता मले रोज."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात पेंटर रस्ता ओलांडून आला. माझ्याच हातातला मोबाइल घेतला, व्हिडिओ थांबवला आणि दोन बोटं फाकवली.

"हा डाव्या कोपऱ्यातला लाल दुपट्टेवाला पाहा. आता उजवा कोपरा पाहा. तोच, तसाच, तोंडही तेवढंच उघडं. एक मानूस दोन ठिकानी कसा?"

"जुळे असतील," कोणीतरी म्हणालं.

"मधे अजून एक हाये. तिळे म्हनायचे का?" पेंटर म्हणाला. मग आवाज खाली गेला. "ही गर्दी माही हाये. म्या बनवली."

मागच्या उन्हाळ्यात गावात पाण्याचा टँकर आला होता. लोक हात वर करून, डबे नाचवत ओरडत होते. पेंटरने तो फोटो काढला, डबे पुसले, माणसं तीनदा चिकटवली आणि एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर लावली. कोणीतरी त्याच फ्लेक्सचा फोटो घेऊन वर झेंडा बदलला होता आणि मागे आवाज भरून त्याचा व्हिडिओ केला होता.

त्या पुढाऱ्याचा उजवा हात समजला जाणारा माणूस माझ्याच गादीवर बसला होता.

"पेंटर, काय बोलून राह्यला ते समजते का तुले?"

"समजते. निवडणूक तोंडावर हाये, तेही समजते. पन जो फोटो पाह्यल्याबरोबर हात शिवशिवते ना भाऊ, तो त्या हातासाठीच बनवला असते. म्या जन्मभर तेच काम केलं. मले नाही कळन त कोनाले कळन?"

सगळे त्याच्या दुकानात गेले. संगणकावर मूळ फोटो उघडला. चाचांच्या वर केलेल्या हातात निळी कॅन होती. पेंटर एकेक चेहरा मोठा करून दाखवत मागच्या रांगेकडे सरकत होता. एका जागी थांबला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मग फोटो पटकन पुढे ढकलला.

बाकीच्यांना दिसलं नाही. मला दिसलं. मागच्या रांगेत दात विचकून, हात वर केलेला मी होतो. म्हणजे शत्रूच्या झेंड्याखाली मीही उभा होतो आणि तो व्हिडिओ साऱ्या ग्रुपला मीच पाठवला होता.

त्याला मला तिथेच उघडं पाडता आलं असतं. मी त्याच्या जागी असतो तर नक्की पाडलं असतं. त्याने मला फुकटात सोडलं, तेही मी न मागता. असा व्यवहार मी कधी केला नव्हता. तो मला अजूनही पचलेला नाही.

संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं: 'व्हिडिओ खोटा आहे. मागच्या रांगेत मी आहे. चाचांना काढायचं असेल तर आधी मला काढा.' लोक महिनाभर मला टँकरशेट म्हणत होते. पुढच्या बाजारी चाचा त्यांच्या जागेवर बसले. मी त्यांच्या डोक्यावर सावलीला माझ्याकडची ताडपत्री बांधून दिली.

पेंटरकडचं पुढाऱ्यांचं काम मात्र बंद झालं. ज्यांची गर्दी खरी होती, तेसुद्धा त्याच्याकडून फ्लेक्स करून घ्यायला घाबरू लागले. त्याची मुलगी मुकुटबनला शिक्षिका आहे. तिच्या शाळेत एकदा त्याने मुलांना एकाच माणसाची गर्दी कशी करतात ते दाखवलं. मग शेजारच्या गावच्या शाळांनी बोलावलं. बारशाचे, लग्नाचे फ्लेक्स तिथेही लागतातच. तो दुकान आवरून कायमचा मुलीकडे जायला निघाला.

"मशीन नाजूक हाये, रस्ता खराब," तो काळजीने म्हणत होता. चाचांनी दोन नव्या गाद्या आणल्या, मशीनला दोन्ही बाजूंनी गुंडाळल्या आणि स्वतःही टेम्पोत चढले.

"तुमी कुठं चाचा?" मी ओरडलो.

"मशीन पकडाले कोनी पाह्यजे ना!"

टेम्पो वळला तेव्हा लाल फुलांच्या गाद्या दिसत होत्या आणि त्यांना टेकून गप्पा मारत बसलेले ते दोघं. बाजाराच्या आदल्या दिवशी चाचा एकटेच परत आले.