कारखाना जाणार हे मला आधी कळलं होतं

मी चौथीपर्यंत शिकले. नवरा गेल्यावर मुलाने अमेरिकेत, कॅरी नावाच्या गावी आणलं. घरात बसून बसून कंटाळले, तेव्हा जवळच्या गावातल्या एका कारखान्यात लागले. तिथे मोटारींच्या वायरिंगचे जुडगे बनत. फळीवर खुंट्या ठोकलेल्या असत. त्यांतून रंगीत वायरी ओढायच्या आणि बांधायच्या. त्याला इंग्रजी लागत नाही.

शेजारच्या फळीवर तिथलीच एक बाई होती, माझ्याहून थोडी लहान. मला गाडी चालवता येत नाही, म्हणून ती मला रोज घरून न्यायची आणि परत सोडायची. माझं इंग्रजी मोडकं, पण आमचं सगळं बोलणं व्हायचं.

दोन हजार चारच्या सुमारास पुण्याचे दोन इंजिनियर काम बघायला आले. साहेबाने त्यांना माझ्या फळीपाशी आणून उभं केलं.

"मावशी, तुम्ही मराठी?" एकजण ओरडलाच.

त्या दिवसापासून मी फुगले. इतकी वर्षं मला तिथे कुणी काही विचारलं नव्हतं. मी त्यांना सगळं दाखवलं. वळणावर वायर ताणायची नाही, बोटभर ढिली ठेवायची, नाहीतर गाडीत बसवताना तुटते. ते माझ्या हातांचा व्हिडिओ काढत होते. रविवारी मी त्यांना घरी जेवायला बोलावलं, पिठलं केलं. दुसऱ्या वाढणीला एकजण बोलून गेला, "मावशी, पुढच्या वर्षी तुमच्या सगळ्या फळ्या चाकणला. तुम्हीच या आता ट्रेनिंग द्यायला!"

दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. मग मला म्हणाला, "कुणाला बोलू नका हं. आमची नोकरी जाईल."

"नाही बोलत," मी म्हटलं आणि त्याला भात वाढला.

सोमवारी गाडीत बाईने विचारलं, "तुझे भाचे काय म्हणतात गं?" ते मला मावशी म्हणतात हे तिला मीच मिरवून सांगितलं होतं.

"मशीनचं बोलतात. मला काय कळतंय?"

"शाळेच्या स्वयंपाकघरात एक जागा निघाली आहे. पगार कमी आहे. पण कारखान्यात लोक काहीबाही बोलतायत. जाऊ का?"

"कशाला? इथे बरं चाललंय की."

"मी गेले तर तुला कोण आणणार, तेही आहेच म्हणा," ती म्हणाली आणि हसली.

मी पाहुण्यांना शब्द दिला होता, असं मी मनाला सांगत राहिले. ते खरं नव्हतं. ती म्हणाली तेच माझ्याही डोक्यात होतं. ती गेली असती तर मला गाडी नव्हती.

तिने शाळेची ती जागा सोडून दिली. पुढच्या उन्हाळ्यात कारखाना बंद झाला.

काम परदेशी गेल्यामुळे ज्यांची नोकरी जाते त्यांच्यासाठी सरकारची मदत होती. नवीन काही शिकायचं, फी सरकार भरणार, शिकेपर्यंत घरखर्चाला थोडे पैसे. मुलगा म्हणाला, "आई, आपल्याला काय गरज आहे? महाराष्ट्र मंडळात लोक काय म्हणतील?" त्याला त्या मदतीची लाज वाटत होती. मला त्या मदतीची वाटत नव्हती.

त्या मदतीच्या ऑफिसात माझा फॉर्म शेजारच्या फळीवरच्या त्याच बाईने भरला. शिक्षणाच्या रकान्यापाशी मी चौथी म्हटलं, तर म्हणाली, "मान खाली कशाला घालतेस? माझा बाप तेवढाही शिकला नव्हता." पुढे एक प्रश्न होता, काम परदेशी जाणार हे तुम्हाला कधी कळलं?

"नोटीस लागली त्या दिवशी, असं लिहिते. माझ्यासारखंच. बरोबर?"

मी टेबलाकडे बघत म्हटलं, "बरोबर."

कारकुनाने सहीची जागा दाखवली. वरचं सगळं खरं आहे, अशी ती सही होती. मला सही मराठीतच येते. मी केली. बाई वाकून बघत कारकुनाला म्हणाली, "बघा तरी, काय सुंदर अक्षर आहे हिचं!"

मला इंग्रजी वाचायच्या वर्गात घातलं. ती कॉम्प्युटर शिकायला बसली, पण ते तिला झेपलं नाही. दीड महिन्यात सोडलं आणि मोटेलात खोल्या साफ करायला लागली. गुडघे सुजायचे तिचे. तरी माझ्या वर्गाच्या दिवशी दारात येऊन हॉर्न वाजवायची. सरकारचे पैसे तुझ्यावर तरी वसूल होऊ देत, म्हणायची.

वर्षभर असं चाललं. गाडीत आम्ही दोघीच असायचो. मी बसायचे, पट्टा लावायचे आणि कधी उकाड्याबद्दल, कधी थंडीबद्दल बोलायचे.