विहिरीकडे वळलेलं स्टेअरिंग

तुकईथडच्या धोंडूबाबांनी चाळीस वर्षं बैलगाडी हाकली, पण भरली गाडी कधी मागे घेतली नाही. अडलं की बैल सोडायचे.

त्या दिवशी केळीचे घड भरलेली ट्रॉली घेऊन त्यांची सून पूर्णिमा बाबांसोबत बांधावरून निघाली, तर पुढे पाट फुटून रस्ता खचलेला. ट्रॅक्टर वळवायला जागा नाही आणि मागे डाव्या हाताला बिनकठड्याची विहीर.

पूर्णिमा उतरली, मागची वाट चालून पाहून आली. "बाबा, मला दिसाल असे उभे राहा. ट्रॉलीमागे नको."

मग तिने स्टेअरिंग थेट विहिरीकडे वळवलं. बाबा ओरडले.

"अगं पोरी, तिकडे विहीर आहे! इकडे फिरव!"

"इकडे फिरवलं तर ट्रॉली तिकडे जाईल, बाबा. हे काय बैल आहेत?"

आणि खरंच, ट्रॉलीचं मागचं टोक हळूहळू विहिरीपासून दूर सरकलं. एकदा ट्रॉली जास्त वळली, तेव्हा पूर्णिमाने थांबून ट्रॅक्टर जरा पुढे घेतला, ती सरळ केली आणि पुन्हा मागे. एक घड हलला नाही.

मोकळ्या जागेत ट्रॅक्टर थांबला तरी बाबा हात जोडूनच उभे.

"काय बाबा, देव दिसला का?"

"दिसला ना. त्याला म्हणावं, खाली उतर, पाणी पी."