अक्काच्या गोळ्या आणि माझी लाल कॅप्सूल

अक्काचे डोळे साखरेनं गेले, असं आमच्या नात्यात सगळे म्हणतात. ते खोटं नाही. पण साखर एवढी वाढू दिली कुणी, असा विषय निघाला की सगळे तिच्याकडे बोट दाखवायचे आणि मी खाली मान घालून चहा पीत बसायचो. ते बोट माझ्याकडे वळायला हवं होतं. मी माझ्या मोठ्या बहिणीला एक वाक्य बोललो होतो, आणि पुढं कित्येक वर्षं ते बोललोच नाही असं वागलो.

जुन्या जालन्यात माझं औषधांचं दुकान आहे. एका बाजूला कापडाचं दुकान, दुसऱ्या बाजूला धान्याची आडत. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा अँटिऑक्सिडंट हा शब्द आमच्या गल्लीत पोचला. तो आणला एका कंपनीच्या प्रतिनिधीनं. त्यानं काउंटरवर रंगीत चित्रं पसरून समजावलं की, मधुमेह्याच्या रक्तात साखर जास्त राहिली की पेशींमध्ये उपद्रवी कण फार तयार होतात. त्यांना आवरायची शरीराची ताकद कमी पडते. मग ते कण बारीक रक्तवाहिन्यांची नासधूस करतात, डोळ्यांच्या, मूत्रपिंडांच्या, पायांच्या. याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचं. तुमच्या जालन्यात सळई उघड्यावर पडली की गंजते ना, तसंच हे, आणि आमची लाल कॅप्सूल तो गंज धरू देत नाही, असं तो म्हणाला.

गंजाचं मला लगेच पटलं. कारखान्यांच्या रस्त्यानं जाताना तांबड्या पडलेल्या सळयांचे ढीग रोज दिसायचे. गिऱ्हाइकांना मी तेच सांगू लागलो. डॉक्टर घाईघाईत चिठ्ठी लिहून मोकळे व्हायचे. माझं बोलणं लोक कान देऊन ऐकायचे. काउंटरच्या आतल्या माणसाला तो मान हळूहळू चढतो. मला चढला.

अक्का वडीगोद्रीला दिलेली. त्यांची मोसंबीची बाग होती आणि बागेच्या कडेला कलमांची लहानशी रोपवाटिका. कलमं अक्का बांधायची. जंबेरीच्या, म्हणजे खुंटासाठी लावलेल्या रानलिंबाच्या, रोपाला पात्यानं चीर द्यायची, त्यात मोसंबीचा कोंब बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. चीर जरा खोल गेली की रोप वाया. माझ्या हातचं निम्मं जळतं, हिच्या हातचं जळत न्हाई, असं दाजी स्वतः पाहुण्यांना सांगायचे.

तिला साखर निघाली तेव्हा अंबडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या ती नेमानं घ्यायची, चतुर्थीच्या उपवासालाही घ्यायची, आणि तशीच उपाशीपोटी बागेत जायची. मग घाम फुटायचा, हातपाय कापायचे. एकदा ती बागेतल्या पाण्याच्या पाटाच्या कडेला बसली ती कुणीतरी उठवेपर्यंत उठलीच नाही. तेव्हापासून तिनं गोळ्यांची धास्ती घेतली. वाईट गोळी नव्हती, पोटात अन्न नसताना ती घेणं वाईट होतं. हे तिला नीट सांगू शकेल असा माणूस नात्यात मीच होतो.

त्या वर्षी भाऊबीजेला मी साडी नेली नाही. कॅप्सूलवर स्कीम चालू होती, माल घेतला की काही डबे वर मिळायचे. ते फुकटचे डबे मी रंगीत कागदात बांधून नेले आणि ओवाळणीच्या तबकात ठेवले. दाजी म्हणाले, "पाव्हणे, तुमच्या शेजारचं साड्यांचं दुकान बंद पडलं का?" सगळे हसले. मीही हसलो, आणि लाज झाकायला व्याख्यान सुरू केलं. सळया, गंज, बारीक रक्तवाहिन्या, सगळं सांगितलं. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होती. भाऊ शिकला याचं तिला फार कौतुक.

"मोसंबीत नसतं का रे हे?" तिनं विचारलं. "घरात ढीग लागलाय."

"असतं. पण मोसंबीनं साखर वाढती, यानं न्हाई वाढत."

"मंग त्या गोळ्या? त्यानं मला गरगरतं."

इथं मला थांबता आलं असतं. डॉक्टरांना विचार, एवढं म्हणणं पुरे होतं. मी म्हणालो, "ही चालू केली की गोळ्यांची तेवढी गरज न्हाई, अक्का."

असं तो प्रतिनिधीही म्हणाला नव्हता. त्याच्या कुठल्या कागदावर तसं छापलेलं नव्हतं. फुकटच्या डब्यांना वजन यावं म्हणून मी ते तिथल्या तिथं रचलं.

भाऊबीजेला भावानं दिलेल्या वस्तूत बहीण खोट काढत नाही. साडीचा रंग आवडला नाही तरी एकदा नेसतेच. अक्कानं डबे देवघराशेजारच्या फडताळात ठेवले, आणि रोज पूजा झाली की तीर्थासारखी एक कॅप्सूल घेऊ लागली. गोळ्या तिनं आधी एक दिवसाआड केल्या, मग सोडून दिल्या. गरगरणं थांबलं. माझ्या भावानं औषध दिलंय, असं ती शेजारणींना सांगायची. मी गेलो की विचारायचो, कसं वाटतंय. ती म्हणायची, बिलकुल त्रास न्हाई. साखर तपासली का, हे मी कधी विचारलं नाही. पुढच्या एका खेपेला नवे डबे ठेवताना फडताळात जुन्या गोळ्यांची पाकिटं दिसली, न फोडलेली, धूळ बसलेली. त्यांच्याकडे पाहून मी फडताळाचं दार लावलं आणि बाहेर येऊन जेवायला बसलो.

म्हणजे मला कळलं नव्हतं, असंही म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

पुढं कलमं जळायला लागली. कुणी उन्हाला दोष दिला, कुणी पाण्याला, दाजींनी कोंबांच्या काड्यांना. अक्का काहीच बोलली नाही. तिला चीर दिसतच नव्हती, अंगठ्यानं चाचपून ती कोंब बसवत होती, हे आम्हाला नंतर कळलं. मग एका सकाळी उजव्या डोळ्यापुढं काळं जाळं आलं आणि दुपारपर्यंत त्या डोळ्याचं दिसणं गेलं.

औरंगाबादला नेलं. आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटून डोळ्यात रक्त उतरलं होतं. त्या प्रतिनिधीच्या रंगीत चित्रात दाखवल्या होत्या त्याच वाहिन्या. डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट पाहिला. मग त्यांनी गोळ्यांचं विचारलं. अक्का म्हणाली, सोडल्या.

"कुणी सांगितलं सोडायला?"

दाजी तिच्या शेजारी उभे होते, मी दाराजवळ. अक्कानं माझ्या बाजूला मान वळवली. डाव्या डोळ्यानं तिला तेव्हा अजून अंधुक दिसत होतं.

"कुणी न्हाई," ती म्हणाली. "मीच."

मी गप्प राहिलो. दाजी तिला घेऊन बाहेर गेल्यावर मात्र मी डॉक्टरांना कॅप्सूलबद्दल विचारलं, जसं काही दुसऱ्या कुणाबद्दल विचारतोय. ते म्हणाले, त्या कॅप्सूलनं साखर उतरत नाही. उपद्रवी कण वाढतात ते चढलेल्या साखरेमुळं, तेव्हा आधी साखर खाली आणायची. गोळ्यांच्या जागी घ्यायची ती वस्तूच नाही. हे मला माहीत होतं. पाऊस सळईवर पडतच होता आणि मी वरून तेलाचं बोट फिरवत होतो.

लेझर केलं. डावा डोळा थोडे दिवस टिकला, मग तोही गेला. रोपवाटिका मोडली.

दाजी माणूस वाईट नाहीत. तिला बागेत हाताला धरून न्यायचे, पाय धुताना जखम तर नाही ना बघायचे. पण दमले की त्यांच्या तोंडून निघायचं, हिनंच करून घेतलं, बराबर चालू होत्या गोळ्या, कुणाचं ऐकती का ही. मुलगा आणि सूनही तेच बोलू लागले. अक्का हसून म्हणायची, "मीच डाक्टरीण झाल्ते ना." तिथं मी असलो तर ते ऐकून दुसरा विषय काढायचो. दुकानात तीच कॅप्सूल विकत राहिलो. फक्त गंजाचं बोलणं बंद केलं.

तीन-चार वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला मी पाटावर बसलो होतो. अक्कानं नेहमीसारखं डाव्या हातानं माझं कपाळ चाचपलं, भुवयांच्या मधली जागा शोधली आणि कुंकू लावलं. सुनेनं तिच्या हातात तबक दिलं. तबक तिरपं होत होतं. सून म्हणाली, बघा बरं, तेल सांडंल. मागून दाजी म्हणाले, "गोळ्या घेतल्या असत्या तर आज स्वतः ओवाळलं असतं."

अक्काचा चेहरा हलला नाही. तिला त्याची सवय झाली होती, आणि ती सवय मी लावली होती.

"दाजी," मी म्हणालो, "अक्कानं गोळ्या सोडल्या नव्हत्या. मी सोडायला लावल्या. या पाटावर बसूनच बोल्लो होतो."

दाजींना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. चप्पल घालून ते बागेकडे निघून गेले. त्यानंतर बरेच महिने ते माझ्याशी बोलले नाहीत, ते योग्यच होतं.

अक्का तबक धरून तशीच उभी होती. "कशाला काढायचं आता," ती हळू म्हणाली. "मला काय दिसणारे का?"

मी उठून तिच्या हातातलं तबक घेतलं आणि खाली ठेवलं. सून उभी होती. तिनंही ऐकावं असं मला वाटत होतं.

"न्हाई दिसणार, अक्का. पण चूक माझी होती. ते डबे मला फुकट मिळाल्ते आणि ते वाक्य मी मनानं जोडलं होतं. फडताळात तुझ्या गोळ्या पाहूनही मी गप बसलो. दवाखान्यात तू माझ्यासाठी खोटं बोल्लीस, तेव्हाही मी तोंड उघडलं न्हाई. इतकी वर्षं तुला बोलणी खाऊ दिली. मला माफ कर."